आमचा हेर म्हातारा झाला

मी सिंदेवाहीला शाळेत मराठी शिकवायची आणि सुट्टीच्या दिवसांत वडशाच्या नाटक कंपन्यांसाठी नाटकं लिहायची. नोकरी संपली, लिहिणं सुरू आहे. आमच्या भातशेतीच्या भागात धान घरात आलं की गावोगावी नाटकं लागतात, ती होळीपर्यंत. बहुतेक कौटुंबिक, रडवणारी. माझं सगळ्यांत जास्त चाललेलं नाटक मात्र एका गुप्तहेराचं होतं.

त्या हेराचं काम करणारा नट मूलजवळच्या एका खेड्यातला. तेव्हा ऐन तारुण्यात होता. पहिल्याच प्रवेशात तो कंपाउंडच्या भिंतीवरून उडी मारून रंगमंचावर यायचा, धूळ झटकायचा आणि गाणं सुरू करायचा. लोक त्याच्या नावानं नाही, हेराच्या नावानं त्याला हाक मारायचे. त्या हेराची मी आणखी दोन नाटकं लिहिली. पुढे नवे नट आले, गाण्यांची पद्धत बदलली, त्याचे गुडघे दुखायला लागले आणि तो घरच्या शेतीकडे वळला. कोणाशी भांडण वगैरे काही झालं नाही. बोलावणी कमी होत गेली, एवढंच.

मागच्या पावसाळ्यात कंपनीचे मालक माझ्या घरी आले. त्यांना तो हेर परत हवा होता.

"लोकं अजून विचारतात, बाई. एक नवा पोट्टा हाय आपल्याकडं, बॉडी बनवून राह्यला. त्याले घेऊ."

मी म्हटलं, "हेर आणायचा तर आता तो साठीचा आणीन. निवृत्त झालेला. एका माणसाचा चेहरा फक्त त्यानंच पाहिलेला आहे, म्हणून त्याला परत बोलावतात."

"बुढ्याले कोण पाह्यते?"

"ज्यांनी तेव्हा पाहिलं तेही आता बुढे झाले, भाऊ."

ते हसले. काम कोण करणार, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या लक्षात आलं होतं. तालमीत बघू, मग ठरवू, असं म्हणून ते गेले.

मी बसनं मूलला आणि तिथून ऑटोनं त्याच्या गावाला गेले. भाताची रोवणी सुरू होती. तो बांधीच्या धुऱ्यावर, खाचराच्या कडेला, उभा राहून बायांना रोपांच्या पेंढ्या देत होता. मला पाहून हातपाय धुऊन घरी आला. त्याच्या बायकोनं चहा ठेवला. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "बाई, हिरोच्या बापाचं काम असन तं मी नाई करत. आधीच सांगतो."

"बापाचं नाही. तुमचंच आहे. तोच हेर, आता म्हातारा झालेला."

त्यानं कप खाली ठेवला.

"उडी मारा लागन काय?"

"नाही. दारातून यायचं."

"मंग करते काय तो?"

"बसतो. ऐकतो. माणसं ओळखतो."

आतून बायको म्हणाली, "घरी तं हेच करून राह्यले." आम्ही तिघंही हसलो. त्यानं लगेच होकार दिला नाही. दोन दिवसांनी फोन आला, तालीम कधीपासून, एवढंच विचारलं.

दसऱ्यानंतर वडशाला तालीम सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी मला घाम फुटला. तो आला तो काळेभोर केस आणि काळीभोर मिशी घेऊन. पोट आत ओढलेलं, चाल झपाझप. मालक खूश झाले. पोस्टरसाठी फोटो काढू म्हणाले. आमचा दिग्दर्शक तिशीचा, लहानपणी याच हेराची नाटकं आजोबांच्या मांडीवर बसून पाहिलेला. तो त्याला काय सांगणार? भाऊ, छान, भाऊ, एकदम छान, असं म्हणत राहिला. आणि मी लिहिलेला थकलेला, शहाणा माणूस कुठेच दिसेना. तो प्रत्येक वाक्य जुन्या नाटकातल्यासारखं फेकत होता. माझीही सांगायची हिंमत होईना. इतक्या वर्षांनी आनंदानं आलेल्या माणसाला तू म्हातारा दिस, असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

ते काम आमच्या नटीबाईंनी केलं. नाटकात त्या हेराच्या जुन्या सहकारी झाल्या होत्या. नागपूरहून यायच्या, पन्नाशी ओलांडलेली, केस मोकळेपणानं पांढरे ठेवलेले. बऱ्याच वर्षांनी दोघं भेटतात तो प्रवेश सुरू होता. त्यानं हात पसरून संवाद म्हटला. नटीबाई ठरलेलं उत्तर द्यायच्या ऐवजी साध्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुमी असे तरणे दिसता, अन् मी तुमच्या मायसारखी दिसून राह्यली. आपण एकाच वेळी नोकरीत होतो म्हणता. लोकं कसं मानतील?"

तबलेवाला हसला. मग तोही हसला. पण त्या दिवशी उरलेल्या तालमीत तो खालच्या आवाजात बोलला आणि जेवायलाही एकटाच बसला. आता हा उद्या येत नाही, असंच मला वाटलं.

तो आला. केस अगदी बारीक कापलेले, रंगवलेलं सगळं न्हाव्याकडे गेलेलं, डोकं पांढरं. मिशीही काढून टाकलेली. मालकांनी कपाळाला हात लावला. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "घरवाली म्हणते, आता घरचा माणूस दिसून राह्यले. तो काऱ्या केसांचा बुढा तिले आवडतच नव्हता." मग थोडं थांबून म्हणाला, "बाई, मले भेव वाटत होता. लोकं मले तसाच तरणा धरून बसले असतील, असं वाटे."

"मलाही भीती वाटते. चालेल ना नाटक?"

"मले काय माहीत," तो म्हणाला. त्या दिवसापासून तालमीला रंग चढला. शेवटचं मोठं भाषण अर्धं कापा म्हणून तो माझ्या मागे लागला. मी कापलं नाही. शेवटी आम्ही चार वाक्यांवर समेट केला, ती त्यानं काढून टाकली, बाकीचं मी वाचवलं.

पहिला प्रयोग मूलजवळच्याच एका गावात, मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, दिवशी लागला. मी विंगेत उभी होते. हेराचा प्रवेश आला. लोकांचे डोळे भिंतीकडे. तो दारातून आला, हळूच, हातात छत्री. मंडपात काही आवाज नाही. ना शिट्टी, ना टाळी. 

समोर चटईवर बसलेली एक म्हातारी शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "आपलाच हेर हाय ना वं हा? बुढा झाला बाई."

तो थांबला. तिच्याकडे पाहिलं आणि हेराच्याच आवाजात म्हणाला, "झालो बाई. तुमी बी झाल्या."

सगळा मंडप हसला. म्हातारी तोंडावर पदर घेऊन हसत राहिली. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात, पेटीवाल्याला सुरावट पुन्हा वाजवावी लागली. त्यानंतर लोकांनी त्याचं सगळं मान्य केलं. तो खुर्चीवर टेकताना गुडघ्याला हात लावायचा, तेव्हा मागच्या रांगांतूनही चुकचुक ऐकू यायची. शेवटी पाच माणसांच्या रांगेतून तो त्या एकाला ओळखतो, तेव्हा पोरं बाकांवर उभी राहिली होती.

सगळीकडे असं झालं नाही. वरोऱ्याकडच्या एका गावात तरुण मुलं फक्त नाचाच्या गाण्यांना थांबली आणि बाकी वेळ बाहेर भजी खात राहिली. तो त्या दिवशीही तितक्याच मन लावून बोलला. एकूण प्रयोगांच्या तारखा बऱ्या मिळाल्या. मालक आता म्हाताऱ्या हेराची कल्पना त्यांचीच होती असं सांगतात, आणि मी सांगू देते.

एका प्रयोगानंतर सकाळी कंपनीच्या गाडीनं आम्हाला मूलच्या स्टँडवर सोडलं. आम्ही टपरीवर चहा घेत होतो. पूर्वी असं बसलं की लोक लांब उभे राहून त्याच्याकडे बघायचे, फार तर फोटो मागायचे. त्या दिवशी त्याच्याच वयाचा एक शेतकरी सरळ येऊन बाकावर त्याला खेटून बसला.

"काल पाह्यलं तुमाले. गुडघा खरंच दुखते काय?"

"खरंच दुखते."

"माहा बी. डॉक्टर म्हणते, गुडघाच बदला. मी म्हटलं, धान झाल्यावर पाहू."

मग दोघं गुडघ्यांवर बोलायला लागले. कोणतं तेल लावायचं, उकिडवं बसायचं की नाही, जिना चढताना आधी कोणता पाय टाकायचा. नाटकाचा विषय निघालाच नाही. सिंदेवाहीची बस येऊन लागली होती, पण मला घाई नव्हती. मी आणखी एक चहा सांगितला आणि त्यांचं बोलणं ऐकत बसले.