गंगापूर रोडवरचं न मिळालेलं घर

तुमच्या या सदरातले अनुभव मी डबा खाताना वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो. मी सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. मशीनमधून आवाज आला की त्याला कारण असतं, सापडायला कधी वेळ लागतो एवढंच. भूतखेत, भानामती असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर आजही नाही. तरी लिहितोय, कारण हे माझ्या बायकोच्या बाबतीत घडलंय... आणि ती जिवंत आहे. आत्ता बाहेरच्या खोलीत मुलीला भरवते आहे.

मी मूळचा येवल्याचा. काही वर्षं टांझानियात, दार-एस-सलामला नोकरीला होतो. तिथेच नीमा भेटली. नीमा हे तिकडचंच नाव, पण ऐकायला आपल्यासारखं. लग्न झालं, पुढे तिथलं काम संपलं आणि आम्ही नाशिकला आलो. ती या देशात पहिल्यांदाच येत होती. दिवस गेलेले होते. घर मिळेपर्यंत म्हणून सीबीएस बसस्टँडजवळच्या एका लॉजवर उतरलो.

फोनवर सगळं सुरळीत चालायचं. येवल्याचे का, बरं बरं. बायकोचं नाव नीमा, छान. आणि मग आम्ही दारात उभे राहिलो की मालकांचा चेहरा बदलायचा. कुणाला तेवढ्यात आठवायचं की फ्लॅट कालच दुसऱ्याला दिलाय. कुणी म्हणायचं, फॉरेनर म्हटलं की पोलिसांची कटकट होते. इंदिरानगरला एका बाईंनी तर दार उघडलंच नाही, जाळीतूनच म्हणाल्या, "साहेब, तुम्ही एकटे असता तर दिलं असतं." मी हे नीमाला मराठीतून इंग्रजीत करून सांगायचो, थोडं गोड करून. पण तिला कळायचं. चेहरे वाचायला भाषा लागत नाही.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतलं ते घर मात्र वेगळं वाटलं होतं. खाली मालक, वर भाड्याचा मजला, जिना बाहेरून. मालक काका बाहेर गेले होते, काकूंनी घर दाखवलं. पाणी दिलं, नीमाला "कितवा महिना?" म्हणून विचारलं. वरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून शेवग्याचं झाड होतं. नीमा तिथेच थांबली. डोक्याला पिवळं कापड बांधलेली माझी उंच, काळी बायको ओट्याजवळ उभी राहून मोडक्या मराठीत सांगत होती, "इथे तांदूळ. इथे नारळ. इथे बाळ बसेल, मला बघेल." काकू हसल्या. नीमाही हसली. इथे आल्यापासून मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला.

"तुम्ही समजून घ्या," ते म्हणाले. "आमच्याकडे देवधर्म असतो. शेजारीपाजारी विचारतात. माझं काही नाही हो, पण लोकांचं असतं."

मी नीमाला सांगितलं. ती बॅग भरत होती, भरायची थांबली. एवढंच म्हणाली, "पण मी तिथे सगळं लावलं होतं."

पुढे पाथर्डी फाट्याला घर मिळालं. मालक ट्रकवाले आहेत. त्यांनी फक्त विचारलं की उन्हाळ्यात पाणी कमी येतं, चालेल का. तिथेच मुलगी झाली. नीमा मराठी शिकली, भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागली. पण ती गप्प राहायला लागली होती. मला वाटलं, बाळंतपण, परका मुलूख, होतं असं.

मुलगी रांगायला लागली त्या सुमारास पुन्हा काकांचा फोन आला. भेटायचंय म्हणाले. एका रविवारी दोघं आमच्याकडे आले. काकूंचा चेहरा उतरला होता. नीमा चहा घेऊन आली तसा काकूंनी काकांचा दंड धरला.

"दोन भाडेकरू सोडून गेले," काका खाली बघत म्हणाले. "दोघांचं एकच म्हणणं. दुपारी स्वयंपाकघरात कुणीतरी बाई असते."

"कसली बाई?" मी विचारलं.

उत्तर काकूंनी दिलं. "उंच. काळीसावळी. डोक्याला पिवळं फडकं. आम्ही तुमच्याबद्दल त्यांना एका शब्दानं बोललो नव्हतो हो. मला वाटलं, उगाच डिपॉझिट लवकर मिळावं म्हणून सांगतायत. मग घर रिकामं झाल्यावर मी झाडायला वर गेले... ती खिडकीशी काहीतरी चिरत होती. मला वाटलं, ह्याच आल्यात. मी म्हटलंसुद्धा, अगं, कुलूप कसं उघडलंस? तिनं वळून बघितलं आणि हसली. त्या दिवशी हसल्या होत्या ना या, तशीच."

मी काही बोलायच्या आत काकांनी घसा साफ केला. "राग मानू नका, पण यांच्या तिकडे असलं काही करतात का? जादूटोणा वगैरे?"

मी उठलो. त्यांना दार दाखवणार होतो. नीमाने मला थांबवलं. तिला आता सगळं मराठी समजत होतं.

"चला," ती म्हणाली. "बघू."

मुलीला शेजारच्या ताईंकडे ठेवून आम्ही गेलो. भर दुपार होती, रस्त्यावर ऊन रणरणत होतं. काकांनी वरचं कुलूप काढलं. हॉलमध्ये धुळीवर आमची पावलं उमटली, इतके दिवस घर बंद होतं. स्वयंपाकघराचा ओटा मात्र पुसलेला होता. ओला. आणि नारळाच्या दुधात भात शिजतो त्याचा वास येत होता. गॅस नाही, भांडं नाही, खिडकी आतून बंद. मी नळ तपासला, ओट्याखालचा पाइप तपासला, शेजारच्या घरातून वास येतो का ते गच्चीत जाऊन बघितलं. सवयच ती. काही सापडलं नाही.

नीमा उंबऱ्यातच उभी होती. आत गेली नाही. खिडकीकडे एकटक बघत होती. मला तिथे कुणी दिसलं नाही.

"सांगा ना तिला," काका नीमाला म्हणाले. पहिल्यांदाच ते तिच्याशी बोलत होते. "जा म्हणावं."

"मला इथे येऊ नाही दिलं," नीमा म्हणाली. "मग मी जाऊ कशी?"

काकू रडायला लागल्या. "मग तुम्हीच या राहायला. भाडंसुद्धा नको आम्हाला."

"नको, काकू. इथे कुणीतरी राहतं."

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, काय दिसलं? ती पाथर्डी फाटा आल्यावर म्हणाली, "ती तिथे खूश आहे. मी नाही."

मला याचा अर्थ लागलेला नाही. एका डॉक्टर मित्राला सांगितलं, तो म्हणाला, मनावर परिणाम होतो. कुणाच्या मनावर? भाडेकरूंनी तर तिला कधी पाहिलंच नव्हतं. तुमच्यापैकी कुणी वास्तुशांत करा, पूजा घाला असं सुचवेल. कशाची पूजा घालू? बायको माझ्या घरात आहे. आणि तिला त्या घरातून काढायला मी का मदत करू, हेही मला कुणी सांगावं.

मागच्या महिन्यात कामानिमित्त त्या गल्लीतून गेलो. गेटवर 'भाड्याने देणे आहे'ची पाटी ऊन खाऊन फिकी पडली होती. वरची खिडकी उघडी होती, हे मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. मी गाडी थांबवली नाही, मान वर केली नाही. वर बघितलं असतं आणि तिने मला ओळखून हात केला असता, तर मी काय करणार होतो...