पथारीवरची मिरची आणि न बदलणारे आकडे

नंदुरबारच्या बाहेर रस्त्याला लागून माझ्या बायकोची मिरचीची पथारी आहे. पथारी म्हणजे सपाट केलेली मोकळी जमीन. बाजार समितीत लिलावात घेतलेली ओली लाल मिरची तिथे पसरायची, उन्हात वाळवायची आणि पोती भरून विकायची. हा धंदा ती वडिलांकडून शिकली. मी शाळेत गणित शिकवतो. पथारीवर माझा शब्द चालत नाही, आणि तसंच असायला हवं.

पण यंदाच्या हंगामात एका प्रश्नाने माझी पाठ धरली. पसरलेली मिरची नेमकी कधी वाळेल? बायकोला विचारलं तर ती म्हणायची, "वाळनी म्हणजे वाळनी." एवढ्याने माझं समाधान होत नाही. मी प्रत्येक लॉटमधली किलोभर मिरची एका सुपात वेगळी ठेवू लागलो आणि सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन करू लागलो. वजन जेवढं घटलं तेवढं पाणी उडालं. उरलेल्या पाण्याचा ठरावीक हिस्सा रोज उडतो, आणि तो हिस्सा ऊन, हवेतला दमटपणा आणि थराची जाडी यांवर ठरतो, इतपत नियम हाती आला. मग मुलीचा जुना लॅपटॉप काढला आणि कॉलेजात शिकलो होतो तसा प्रोग्राम लिहिला.

पहिल्या लॉटला त्याने आठ दिवस सांगितले. सुपातल्या वजनांशी ते बऱ्यापैकी जुळत होतं. मी खूश. लगेच दुसऱ्या लॉटची माहिती घातली. उत्तर आलं, दोन दिवस. ते मी तसंच बायकोला सांगितलं.

"दोन दिन?" ती म्हणाली. "मिरची शे का पापड शे?"

"गणित सांगी ऱ्हायनं."

"मंग गणितलेच धाडा मिरची उलथाले."

पथारीवर मिरची उलथणाऱ्या बाया फिस्सकन हसल्या. मी घरी येऊन एकेक ओळ तपासली. नियम बरोबर होता. चूक भलतीकडेच होती. प्रोग्राममध्ये ओलीचा आकडा ठेवायला मी एक डबा केला होता आणि रोज जुना आकडा पुसून त्यात नवा घालत होतो. पहिला लॉट संपला तेव्हा डब्यात वाळलेल्या मिरचीचा आकडा तसाच पडून राहिला. दुसरा लॉट तिथूनच सुरू झाला, म्हणजे जवळजवळ वाळलेला.

मुलगी सुरतला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. तिला व्हिडिओ कॉल लावून प्रोग्राम दाखवला.

"पप्पा, डबे वापरूच नका ना," ती म्हणाली.

"मग आकडा ठेवायचा कुठे?"

"ठेवायचा कशाला? एकदा नाव दिलं की दिलं. आजची ओल वेगळी, उद्याची ओल वेगळी. जुनी पुसायची नाही. बरं, तुमच्या वर्गात एखाद्याने फळ्यावर लिहिलं की x बरोबर x अधिक एक, तर काय कराल?"

"कान पिळेन."

"मग स्वतःचा पिळा. तुमच्या प्रोग्राममध्ये तेच लिहिलंय."

खरंच लिहिलं होतं! फळ्यावर जे मी कधीही खपवून घेतलं नसतं, ते लॅपटॉपवर बिनदिक्कत करत होतो. तिने मला फंक्शनल प्रोग्रामिंगची एक भाषा लॅपटॉपवर बसवायला लावली. तिच्या विभागात शास्त्रातली गणितं या रीतीने करणारे बरेच आहेत, असंही तिने सांगितलं. या रीतीत फंक्शन म्हणजे आम्ही शाळेत शिकवतो तेच. तेच आकडे आत घाला, तेच उत्तर बाहेर येईल. आधी कोणता लॉट मोजला याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

पहिले काही दिवस मी अडखळलो. पुसायचं नाही तर दिवस पुढे सरकणार कसे? मग 'फोल्ड' कळलं. सुरुवातीची ओल द्यायची, रोजच्या हवामानाची यादी द्यायची आणि एका दिवसाचा नियम द्यायचा. फोल्ड तो नियम यादीतल्या पहिल्या दिवसाला लावतं, आलेलं उत्तर दुसऱ्या दिवसाकडे देतं, असं शेवटपर्यंत. माझा पानभर प्रोग्राम चार ओळींत बसला. पहिला लॉट मोजला, दुसरा मोजला, पुन्हा पहिला मोजला. दुसरा आधी घेऊन पाहिला. उत्तरं जागची हलली नाहीत. खुर्चीवरून उठून मी अंगणात दोन फेऱ्या मारून आलो. या वयात एवढं हुरळून जाणं बरं दिसत नाही, पण खोटं कशाला लिहू?

एक फरक मात्र राहत होता. प्रोग्रामची मिरची सुपातल्या मिरचीपेक्षा लवकर वाळत होती. वजनं पुन्हा पाहिली तेव्हा लक्षात आलं की सुपाचं सकाळचं वजन आदल्या संध्याकाळपेक्षा किंचित जास्त असतं. रात्रीच्या गारव्यात मिरची थोडं पाणी परत ओढून घेते. म्हणून दिवसाचं एक फंक्शन होतं, तसं रात्रीचं दुसरं लिहिलं आणि दोन्ही जोडली. दिवसाचं उत्तर सरळ रात्रीत, रात्रीचं दुसऱ्या दिवसात. दिवसाच्या फंक्शनला मी हातही लावला नव्हता. दोन लहान, तपासलेले तुकडे जोडून मोठा तुकडा बनत होता आणि तोही तपासता येत होता. एकदा मी जाडीच्या जागी तापमान दिलं, तर भाषेने प्रोग्राम चालवायलाच नकार दिला. तो लाल अक्षरांतला नकार वाचून मला फार बरं वाटलं.

आणि याच सुमाराला ढगांचा अंदाज आला. पाच दिवसांनी पावसाची शक्यता. पथारीवर अर्ध्या जागेत एक लॉट पसरलेला होता, निम्मा वाळलेला. अशी मिरची भिजली तर काळी पडते. ओलसर असताना पोत्यात भरली तर बुरशी धरते. दुसऱ्या दिवशी लिलाव होता. ढगांना भिऊन बरेच व्यापारी हात आखडणार आणि माल स्वस्तात मिळणार, हे बायकोला दिसत होतं. उरलेल्या अर्ध्या जागेत तो पसरायचा तिचा विचार होता. त्या संध्याकाळी चहा घेता घेता तिने लॅपटॉपकडे पाहिलं.

"तुम्हनं ते काय म्हणस? का अजून पापडच वाळी ऱ्हायना?"

मी थराच्या जाडीची यादी केली आणि तेच फंक्शन यादीतल्या प्रत्येक जाडीला लावलं. एका ओळीचं काम. स्क्रीनवर उत्तरांची रांग आली. आहे त्या जाडीत हातातला लॉट पावसाआधी वाळत नव्हता, नवा तर नाहीच. पण हाच लॉट पूर्ण जागेवर पातळ पसरला तर चौथ्या दिवशी संध्याकाळी वाळत होता. म्हणजे नव्या मालाला जागा उरत नव्हती.

तिने एकेका आकड्यावर बोट ठेवून तो वाचला. स्वस्त माल सोडायला सांगणं ही साधी गोष्ट नव्हती. माझं गणित चुकलं तर तिचा सौदा हुकला असता.

"खात्री शे?"

"ऊन अंदाजापरमाने पडनं तं," मी म्हणालो. "ढग लवकर येई ग्यात तं नही."

"एवढं तं मले बी माहीत शे."

सकाळी ती लिलावाला गेलीच नाही. बायांना सांगून तिने सगळी मिरची पूर्ण पथारीवर पातळ पसरून घेतली. सुपातली मिरचीही मी तेवढीच पातळ केली आणि पुढचे दिवस शाळेतून सरळ सुपाकडे जायचो. दुसऱ्या दिवशी वजन प्रोग्रामच्या आकड्यापेक्षा थोडं जास्त निघालं, तेव्हा मी सूप उतरवून पुन्हा काट्यावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी ऊन कडक पडलं आणि अंतर कमी झालं. चौथ्या दिवशी दुपारी पश्चिमेला ढग दिसू लागले. बायकोने मूठभर मिरची उचलून कानाशी हलवली. बिया खुळखुळल्या. तिने एक मोडून पाहिली, देठाजवळ दाबली, आणि बायांना हाक मारली, "भरा वं!"

मी तोवर सूप काट्यावर ठेवलं होतं. वजन प्रोग्रामच्या आकड्यापेक्षा नऊ ग्रॅम जास्त होतं. नऊ ग्रॅम! मी ओरडलोच. पोती भरणाऱ्या बाया थबकल्या.

"काय व्हयनं?" बायकोने विचारलं.

"नऊ ग्राम चुकनं."

"मंग आनंद कसाना?"

सगळी पोती शेडमध्ये गेल्यावर पाऊस आला, तोही नुसते शिंतोडे. त्याने जमीनही नीट भिजली नाही. मी तिच्याकडे पाहिलं. स्वस्त माल उगाच सोडला, असं ती आता म्हणेल असं मला वाटलं. पण तिचं लक्ष आकाशाकडे होतं. "परवा लिलाव शे," ती म्हणाली. "किती जाड पसरू, ते सांगा. आणि आपली पोर रागे भरस तसं पुसी पुसी नका लिखू."