स्टील गिटारवाल्या बाई

आठवीतून शाळा सोडली आणि काकांच्या गायन पार्टीत कोरसला उभा राहिलो. त्यामुळे लीड्सला आल्यावर कुणी शिक्षण विचारलं की मी विषयच बदलायचो. बायको नर्स, तिच्या व्हिसावर मी आलो, आणि तिच्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत लागलो. तिथे दिवसभर रेडिओ चालू. त्यावर इंग्रजी कंट्री गाणी लागायची, घरापासून लांब पडलेल्या माणसांची. शब्द मी देवनागरीत वहीत उतरवायचो आणि चादरींच्या घड्या घालता घालता म्हणायचो.

फाटक्या चादरी शिवायला तिथे एक बाई होत्या, साठीच्या पुढच्या. एक दिवस शिलाई मशीन थांबवून म्हणाल्या, "लव, तुझे उच्चार अगदी भयंकर आहेत. पण सूर पक्का आहे. रविवारी आमच्या क्लबात ये."

इथल्या बाया कुणालाही लव म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरी सांगितलंच नव्हतं.

क्लबात गेलो तर या बाई स्टेजवर! समोर टेबलासारखं आडवं वाद्य, स्टील गिटार. डाव्या हातात लोखंडी दांडी, ती तारांवरून सरकवायची, पायाखाली पेडल. काकांच्या पेटीवर दोन पट्ट्यांच्या मधला सूर कधी सापडला नाही. बाई तिथूनच निवांत चालत होत्या. आणि गाणारा गात असेल तेव्हा जवळजवळ गप्प. त्याने श्वास घेतला की तेवढ्या फटीत दोन सूर, बस. मी चहा तसाच ठेवून ऐकत राहिलो.

मग त्यांचा गायक लेकीकडे राहायला गेला. बाई म्हणाल्या, "रविवारी दुपारी तीन गाणी म्हण. जमलं तर तूच आमचा गायक." त्या आठवड्यात मला जेवणच जाईना. बायको म्हणायची, "अहो, नाही घेतलं तर काय, लाँड्री आहेच की." पण मला ते हवं होतं. इतकं हवंसं इथे आल्यापासून काही वाटलं नव्हतं.

पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्याला पंधरा-वीस माणसं उठून पुढे आली, रांगा धरून नाचायला लागली. मला हुरूप आला. सवयीने एका ओळीच्या शेवटी हरकत घेतली, आणि त्याच क्षणी सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाठ केली.

आमच्याकडे श्रोत्याने पाठ केली की समजायचं, आवरा आता. मी थांबलो.

गाणं मात्र थांबलं नाही. माझी ओळ बाईंनी तारांवर उचलली आणि मी गायली होती तशीच वाजवली, हरकतीसकट! एकदाच ऐकलेली. वाजवता वाजवताच माझ्याकडे वळून ओरडल्या, "गा की!"

"पाठ केली त्यांनी!"

"लाइन डान्स आहे रे बाबा! चारही भिंतींकडे तोंड करतात. थांब जरा, फिरतील!"

आणि खरंच, टाचा आपटत अख्खी रांग आधी खिडकीकडे, मग पुन्हा माझ्याकडे फिरली. सगळ्यांची तोंडं घामेजलेली, हसरी. मी सूर लावला. मग मी हरकत घ्यायची, बाईंनी ती परत करायची, असं चाललं. ते लोक पाठ करायचे तेव्हा मला हसू फुटायचं. मागच्या खुर्चीवर, माझ्यासोबत आलेली बायको पदराने डोळे पुसत हसत होती.

संपल्यावर मी गयावया केली, "सॉरी मॅडम, घोटाळा केला. तुम्ही सांभाळलंत."

"मॅडम काय! पोलीस आहे का मी?" त्या दांडी पुसत होत्या. "ती शेवटची वळणं कुठून आणलीस?"

"काकांकडून."

"हं. पुढच्या रविवारी जास्त घे. आणि ती चुरगळलेली पँट! लाँड्रीत कामाला आहेस ना तू?"

बायकोने बसस्टॉपवर विचारलं, "काय म्हणाल्या? घेतलं का?"

"पँटला इस्त्री करायला सांगितलंय."

"कधीपर्यंत?"

"पुढच्या रविवारपर्यंत."

ती एवढ्या जोरात ओरडली की रस्त्यापलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं.