सतरा नंबरची घागर

अमावास्येला नवी गाडी घरी आणणारी बाई आहे मी. शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं हजेरीपट सांभाळले... जे मोजता येतं तेच खरं, एवढंच मला कळतं. म्हणूनच हे लिहायला इतका उशीर झाला.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा. आम्ही उदगीरला, स्टेशनमागच्या गल्लीत. टँकर एक दिवसाआड, दुपारी चारच्या सुमारास यायचा. सकाळीच प्रत्येक घर आपली एक घागर रांगेत ठेवून जायचं. घागर उभी म्हणजे माणूस उभं. भांडणं नकोत म्हणून नंबरांची यादी मी ठेवायची. नियमही माझेच – दोन खेपा घागर आली नाही की नाव कट, मागचे पुढे सरकणार.

कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार अप्पा चिडवायचे, "ताई, उदगीर जिल्हा होऊ द्या, कलेक्टर तुम्हालाच करू. यादी तर तयारच हाय तुमची!"

त्या सोमवारी मी सतरा नंबर खोडला. नागरबाई, गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. दोन खेपा तिची घागर दिसली नव्हती. पुतण्याकडे किनवटला गेली असेल, असं मी ठरवून टाकलं. बरेच जण तसे कुठं ना कुठं गेलेच होते.

मंगळवारी हदगावहून माझी भाची अश्विनी आली. ती नांदेडला अॅनिमेशन शिकत होती, शेवटच्या परीक्षेला छोटी फिल्म द्यायची होती. तिची कल्पना अशी – माणूस एकही नाही, रांगेतल्या घागरी आपल्याआपण टँकरकडे चालत जातात. मोबाईल स्टँडवर पक्का बसवायचा, एक फोटो काढायचा, प्रत्येक घागर चार बोटं पुढे सरकवायची, पुन्हा फोटो. असे शेकडो फोटो भराभर दाखवले की घागरी चालू लागतात.

दुसऱ्याच्या घागरीला हात लावला तर आमच्याकडे डोकी फुटतात. म्हणून मी यादी घेऊन दारोदार परवानगी मागितली. एकतीस घरं, एकतीस बरोबरच्या खुणा. सतरा नंबर खोडलेला... त्या दारी गेलेच नाही.

बुधवारी सकाळी अश्विनीनं रांग सरळ दिसावी म्हणून शेजारून चुन्याची रेघ मारली. अकरा ते दीड काम चाललं. ऊन असं की गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. ती फोटो काढायची, आम्ही दोघी घागरी सरकवायचो, मी रजिस्टरात लिहायची – फोटो नंबर, वेळ, घागरी एकतीस. शेवटी सगळ्या पुन्हा जागच्या जागी ठेवल्या.

तीन वाजता घरी लॅपटॉपवर पाहिलं. घागरी खरंच चालत होत्या! मला हसू आलं.

"मामी, ही लाल चिंधीवाली कुणाची हाय?"

"लाल चिंधीवाली रांगेत नाही."

"हाय की. बगा."

डाव्या कडेनं, गल्लीच्या टोकाकडून, एक पोचे पडलेली पितळी घागर येत होती. गळ्याला लाल चिंधी. नागरबाईची. ती सोळा आणि अठराच्या जवळ आली... आणि तिथं जागाच नव्हती. मागचे मीच पुढे सरकवले होते ना! ती चुन्याच्या रेघेवर थांबली. बाकीच्या तिच्या शेजारून पुढे जात राहिल्या. मग आली तशीच ती मागे जाऊ लागली.

"मामी, तुम्ही ठिवली काय?"

"अगं, मी तुझ्याच शेजारी होते की!"

तिनं माझं मनगट धरलं. आम्ही एकेक फोटो उघडला. घागरी बत्तीस. रजिस्टरात, माझ्याच अक्षरात – एकतीस.

मला घागरीची भीती नाही वाटली. भीती वाटली त्या खोडलेल्या ओळीची. मी चप्पल न घालताच पळाले.

नागरबाईच्या दाराला आतून कडी. हाका मारल्या, आवाज नाही. अप्पांनी पहार आणून कडी उचकटली. नागरबाई जमिनीवर पडलेली, ओठ फाटलेले, अंग तापलेलं... पण श्वास चालू होता. घरातलं पाणी आदल्या रात्रीच संपलं होतं. उशाशी घागर, ठणठणीत कोरडी. वाटेतली बाजूला करावी म्हणून अप्पांनी ती उचलली आणि तसेच उभे राहिले.

"ताई... हे काय हाय?"

घागरीच्या बुडाला ताजा पांढरा चुना लागला होता.

मी चमच्यानं तिच्या तोंडात पाणी घातलं. तिसऱ्या चमच्याला तिनं डोळे उघडले. "मला उठवंना गं... म्हून तिलाच म्हनलं, जा, नंबराला हुबी राहा. जागा न्हाई म्हून परत आली बघ."

नाव खोडल्याचं तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

चार दिवस सलाईन लागलं. नागरबाई वाचली, पुढे सहा वर्षं जगली. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही, मलाही विचारायचा धीर झाला नाही. अश्विनीनं फिल्म होती तशीच दिली. तिच्या सरांनी एकच विचारलं म्हणे – "बाकीच्या घागरी धक्के खात चालतात, ही एकच इतकी सलग कशी चालवलीस?"

फोटोंच्या वेळा रजिस्टरशी जुळतात. कडी आतून होती.

अजून उन्हाळ्यात टँकर येतो, यादी अजून मीच ठेवते. नाव खोडायच्या आधी दार वाजवते. दोन वर्षांपूर्वी एकदा मोजताना यादीपेक्षा एक घागर जास्त निघाली... मी दुसऱ्यांदा मोजलं नाही. पहिल्या घरापासून दारं वाजवत निघाले.