नात कितवीला आहे?

तुम्ही दोघी आज म्हैसूरला आहात. इथे नगरला, माझ्या वरच्या मजल्यावर नाही. का, ते मोठीला ठाऊक आहे. धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती, तिला तेव्हा कळलं नसेल. म्हणून नीट लिहून ठेवते.

बंगळूरचं भाड्याचं घर सोडायचं ठरलं, तेव्हा कुठे जायचं हा प्रश्न आला. तुम्ही शाळेत जात नव्हता, घरीच शिकत होता. त्यामुळे शाळा बघून घर घ्यायचं नव्हतं. आपल्याला सगळा देश मोकळा आहे, असं तुमचा बाबा हसत म्हणायचा. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि माझाच मुलगा असं म्हणतो, याचा मला धक्काच बसला होता. पण तुम्ही जवळ यावं एवढंच मला हवं होतं. मी वरचा मजला रंगवून घेतला, तुमच्या नावाने वाचनालयाची वर्गणी भरली, इथल्याच नागापूर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये तुम्हाला लेथ मशीन दाखवायचं कबूल करून घेतलं.

मग तुम्ही पंधरा दिवसांसाठी आलात. तुमच्या आईने फ्रिजवर तक्ता लावला: नगर, श्रीगोंदा, म्हैसूर. प्रत्येकाने प्रत्येक गावाखाली तिथे राहावं किंवा राहू नये याचं एक कारण लिहायचं, त्यावर चिठ्ठी चिकटवून झाकायचं, आणि शेवटच्या दिवशी सगळी एकदम वाचायची. मला ही पद्धत फार आवडली. तक्त्याच्या रेघा मीच फूटपट्टीने आखल्या.

श्रीगोंद्याला माझ्या जाऊबाईंकडे गेलो. त्यांनी मोठीला विचारलं, कितवीला? ती म्हणाली, शाळेत जात नाही. जाऊबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शाळाच न्हाई? मंग लई बेस. चल, उसाला पानी द्यायचंय." संध्याकाळी चिखलाने माखलेल्या तुम्ही दोघी खुशीत परत आलात. पण तिथे मोबाईलला रेंज नव्हती, बाबाचं काम चाललं नसतं. म्हणजे आता नगर किंवा म्हैसूर. मी मनातून नगर धरून चालले होते.

नगरला परतल्यावर दुसऱ्या दिवशी मोठीला घेऊन मी भाजीला गेले. नेहमीच्या भाजीवालीने विचारलं, "बाई, नात व्हय? कितवीला हाय?"

"पाचवीला," मी म्हणाले.

तोंडून कसं निघून गेलं, कळलं नाही. पण मग थांबलेही नाही. पुढे गल्लीत तेच. देवळापाशी माझ्या जुन्या सहकारी बाई भेटल्या, त्यांना तर मी इंग्लिश मीडियम, बंगळूर, असं सगळं सांगितलं. मोठी शेजारी उभी होती. हातातली मेथीची जुडी तिने दुसऱ्या हातात घेतली, एवढंच. मला वाटलं, दमली असेल.

शेवटच्या दिवशी जेवणं झाल्यावर तुमच्या बाबाने चिठ्ठ्या काढल्या. नगरच्या रकान्यात माझं कारण होतं: वाचनालय चालत पाच मिनिटांवर. धाकटीने जिना लिहिला होता. मोठीचं कारण वाचता वाचता तो अडखळला, मग त्याने ते तसंच वाचलं.

"इथे आजीला आमच्यासाठी खोटं बोलावं लागतं."

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. तिने माझीच अडचण लिहिली होती. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलींना मी बाकावर उभं करत असे. दहा वर्षांच्या मुलीने मला पकडलं, आणि वर माझी कीवही केली. तुमच्या आईने हळूच तक्ता उतरवला. पुढे चर्चा झालीच नाही.

तुम्ही गेल्यावर मी बरेच दिवस त्या भाजीवालीकडे जायचं टाळलं. गेल्या आठवड्यात गेले. तिने विचारलं, "नात सहावीला गेली आसंल?"

मी म्हणाले, ती कुठल्याच शाळेत जात नाही, कधीच जात नव्हती, घरी शिकते. तिच्याशी मी खोटं बोलले होते, हेही सांगितलं.

तिने वजन करता करता मान वर केली. "आसू द्या की. मंग हितंच का न्हाई ऱ्हायल्या? तुमी हाय की शिकवायला."

"माझ्यामुळेच नाही राहिल्या," मी म्हणाले.

तिला ते खरं वाटलं नाही.