राखेखालचा ओलावा

ओल्या मातीत कुजणाऱ्या लाकडाला एक आंबट, गार वास असतो. चैत्रातल्या त्या दुपारी सूर्यमाळजवळच्या पाड्यावर लाकडाने भरलेला एक चर पाहायला पोचलो तेव्हा मी त्याच वासाच्या अपेक्षेत होतो, पण विहिरीच्या चढावर धूर रेंगाळत होता.

चढावर गोठे आहेत. तिथले शेणमूत वर्षानुवर्षे मुरून विहिरीत नायट्रेट उतरले होते. मोठ्यांना ते पाणी चालून जाते. तान्ह्या बाळाच्या दुधात गेले तर रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही, ओठ निळे पडतात. पाड्यावरच्या शेवंतीबाईंची दोन महिन्यांची नात भुकटीच्या दुधावर होती, म्हणून तिच्यापुरते पाणी त्या रोज डोंगराखालच्या झऱ्यावरून आणत. यावर उपाय म्हणून पाड्यावरच्या शाळेच्या गुरुजींनी गोठे आणि विहीर यांच्यामध्ये चर खणून लाकडाचे तुकडे आणि भातखाचरातली माती भरली होती, वर पालापाचोळा पसरला होता. हवा पोचत नाही अशा ओलाव्यात काही जिवाणू लाकडावर जगतात, नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायुरूपाने आकाशात परततो. कारखान्यांचे सांडपाणीही त्यांच्याच भरवशावर शुद्ध होते.

तो चर शेवंतीबाईंनी पेटवला होता. इथे रोपे टाकण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात.

"एवढे शिकलेले गुरुजी, राब रचला नि पेटवायला विसरले, म्हटलं मीच लावते," त्या म्हणाल्या.

"बाई, तुमच्या नातीसाठीच होता तो! पाणी निवळणारे बारीक जीव आहेत त्या लाकडात!" गुरुजी कपाळाला हात लावून म्हणाले.

शेवंतीबाईंचा चेहरा उतरला. "मेले का मग ते?"

गुरुजींनी कुदळ घातली. चार बोटे राख, मग कोमट माती आणि त्याखाली काळे, ओले लाकूड. चराच्या खालच्या टोकाला झिरपलेल्या पाण्यात तपासणीची पट्टी बुडवली; नायट्रेट जितके जास्त, तितकी ती गडद गुलाबी होते. ती जेमतेम गुलाबी झाली. विहिरीच्या पाण्यात मात्र गडद.

"म्हणजे जगले. पण विहीर निवळायला पावसाळा उलटेल."

"तवर पोरगी भाकर खायला लागंल," असे म्हणून त्या हसल्या आणि उघड्या पडलेल्या लाकडावर दोन्ही हातांनी माती लोटू लागल्या.

शेताला हवा असलेला नायट्रोजन त्या दरवर्षी आगीतून मागत आल्या होत्या. इथे तोच घालवायचा होता, तोही आग पोचत नाही तिथे, आणि नातीच्या भुकेची घाई न जाणणाऱ्या संथ वेगाने. माती दाबून झाल्यावर त्यांनी हात झटकले आणि झऱ्याची वाट धरली.