हेमंतचं भुयार

फोन हेमंतच्याच मोबाइलवरून आला, म्हणून उचलतानाच मी म्हणाले, "बोला, अजून जिवंत?" गेली काही वर्षं आमचं बोलणं याच वाक्यानं सुरू व्हायचं. ते त्यानंच ठरवून दिलं होतं. पलीकडे वैशाली होती, त्याची धाकटी बहीण. ती म्हणाली, "नाही ताई." मग बराच वेळ डायलिसिसच्या मशीनचा आवाज येत राहिला... कुणीतरी ते बंद केलं तेव्हा तिनं फोन ठेवला.

हेमंत माझा मामेभाऊ. विसरवाडीला महामार्गावर त्याचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दोन्ही किडन्या गेल्यावर ते बंद झालं आणि तो तापीकाठच्या गावी वडिलांच्या घरी परत आला. आई आधीच गेली होती. एक दिवसाआड नंदुरबारला जाऊन तो मशीनला जोडून घ्यायचा, उरलेल्या दिवशी पुढच्या खोलीत पडून राहायचा. जीभ त्याची मुळातच तिखट होती, आजारानं तिला धार आली. भेटायला येणाऱ्याला तो दारातच विचारायचा, "रिकाम्या हातानं? किडनी नाही आणली?" एका चुलत्यानं शहाळी आणली, तर म्हणाला, "काका, नारळपाणी माले जहर शे. मारनंच व्हई ते चाकू आना, लवकर काम व्हई." चुलते पुन्हा आले नाहीत. मी वर्तमानपत्रात काम करते, म्हणून मी गेले की म्हणायचा, "ये ताई. मन्ही बातमी लिखी ठेव, फक्त तारीख मोकळी सोड."

त्याचे वडील म्हणजे माझे मामा. त्यांना सगळे आप्पा म्हणतात, मीसुद्धा. पपईची मोठी बाग, स्वतःचा ट्रॅक्टर, साठीतही निरोगी शरीर. वैशालीचा रक्तगट जुळला नाही, आप्पांचा जुळला. सुरतेला सगळ्या तपासण्या झाल्या, ऑपरेशनचा दिवस ठरला. आदल्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर आप्पा मुलाला म्हणाले, "व्यापारी दारशी उभा शे. पपई उतरी लेऊ, मंग येऊ." ते बसनं गावी परतले. पपई उतरली. पुढे नवी लागवड झाली, तीही उतरली. ते सुरतेला गेले नाहीत आणि का गेले नाहीत हे त्यांनी कुणाला सांगितलंही नाही. हेमंत सगळ्या गावाला टोचून बोलायचा. आप्पांनाही सोडायचा नाही. बागेतली पिकलेली पपई कापून ते ताटलीत घेऊन आले की म्हणायचा, "एक फाक द्या आप्पा, लवकर सुटसू." पपईसुद्धा त्याला वर्ज्य होती, आणि आप्पांच्या ते कधी लक्षात राहायचं नाही. पण 'तुम्ही देता का?' हा प्रश्न त्यानं त्यांना सुरतेनंतर एकदाही विचारला नाही.

खोलीत टीव्हीला जोडलेला एक गेम होता. दुपारभर तो तेवढाच खेळायचा. एका उजाड शहराखाली जुन्या खाणी, खाणींत भुयार आणि भुयाराच्या शेवटी तिथला राजा. तो शेवटचा राक्षस. त्याला मारलं की गेम संपतो. भुयारात एकट्यानं शिरता येत नाही. तोंडाशीच एक दिवा धरणारा माणूस सोबत घ्यावा लागतो आणि त्याला नाव द्यावं लागतं. वाटेत घाण हवेचा बोगदा, पाण्यानं भरलेला उतार, अंधारात माग काढत येणारी जनावरं. शेवटी एक दगडी दार. ते एका चाकानं वर उचललं जातं, आणि कुणीतरी चाक धरून ठेवलं तरच उघडं राहतं. चाकापाशी पाणी चढत जातं. धरणारा तिथेच बुडतो, दुसरा पलीकडे जातो. हे नियम हेमंतनं मला सांगितले होते. स्क्रीन मात्र कुणी आत आलं की तो बंद करायचा. गेम कुठपर्यंत आला असं कुणी विचारलं, तर उत्तर ठरलेलं, "त्या राजाले मारावाशिवाय मी मरत नही." गावात हे सगळ्यांना पाठ होतं.

म्हणून दहाव्याला प्रकाशा या तीर्थगावी तापीच्या काठी जे झालं ते झालं. पिंड मांडले, आणि कावळे समोरच्या झाडावर बसून राहिले. गुरुजी म्हणाले, "इच्छा राहिली असेल तर बोला." एका चुलत्यानं हात जोडून सांगितलं, मोटारसायकल विकणार नाही. दुसऱ्यानं अन्नदान कबूल केलं. ऊन चढत गेलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "मरी गया तरी आडा तो आडाच." तेव्हा आप्पा पुढे झाले आणि मोठ्यानं म्हणाले, "हेमंत, तुन्हा तो राजा आम्ही मारसूत. मी वचन देस." कुणी हसलं नाही. कावळा उतरला आणि शिवला.

तेराव्यानंतर वैशाली माहेरीच थांबली. लहानपणी विसरवाडीच्या बसस्टँडजवळच्या दुकानात ती हेमंतबरोबर व्हिडिओ गेम खेळायची, एवढीच तिची तयारी. मी सुट्टी काढून गेले होते. रोज जेवणं आटोपली की ती टीव्हीसमोर बसायची आणि आप्पा मागे हेमंतच्या खाटेवर. ती पहिल्याच बोगद्यात मरायची, पुन्हा तोंडाशी यायची, पुन्हा मरायची. दिवा विझला की सगळं संपायचं. हळूहळू आप्पा मागून सांगू लागले. "दिवा वर धर. इहीरमा उतरतस तव्हय घान हवा खालेच ऱ्हास." बोगदा पार झाला. आप्पा खुशीत मांडी थोपटत म्हणाले, "दखं? पोऱ्यानी माले कधी विचारंच नही." वैशालीनं मागे वळून पाहिलं नाही.

दिवा धरणाऱ्याला तिनं नाव दिलं नव्हतं. हेमंतनं दिलेलं तसंच पुढे येत होतं, आणि ती ते आप्पांना वाचून दाखवत नव्हती.

ती दगडी दारापाशी पोचली तेव्हा आम्ही तिघंच होतो. दाराशेजारची भिंत दिव्यांनी भरलेली होती, वरपासून खालपर्यंत, छोटे पिवळे दिवे, आणि प्रत्येकाखाली इंग्रजीत एक शब्द. दर खेपेला चाक धरायला जो तयार होतो त्याचा एक दिवा त्या भिंतीवर लागतो आणि तसाच राहतो, ही त्या गेमची रीत. आप्पांनी चष्मा लावला.

"या दिवासखाले काय लिखेल शे?"

"नाव शे."

"कोन्हं?"

"तुमनं, आप्पा."

ते पुढे वाकले. इंग्रजीतली तेवढी अक्षरं त्यांना लागत होती. चाक धरशील का, हे सोबत्याला विचारायचं बटण वैशालीनं दाबलं. दिवा धरणाऱ्यानं मान हलवली आणि काहीतरी बोलला.

"काय म्हनस तो?"

"म्हनस, चाक मी धरस, तू जाय."

"दर येळे असंच म्हनस?"

"दर येळे. वाटमा त्याले नीट वागाडं नही ते नकार देस म्हने... पन याले त्यानी चांगलं वागाडेल शे."

दार उघडलं. उंबऱ्यावर एक ओळ आली, की या जागी तुम्ही प्रथमच येत आहात. म्हणजे हेमंत इथपर्यंत यायचा, विचारायचा, उत्तर ऐकायचा आणि खेळ बंद करून दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंडापासून सुरू करायचा. पलीकडे तो कधी गेलाच नव्हता. राजाला मारणं ही त्याची इच्छा नव्हती. आप्पांनी तापीवर भलतंच वचन देऊन ठेवलं होतं.

वैशालीनं हात मांडीवर ठेवले. पडद्यावर पाणी त्या माणसाच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं.

"बंद करू का?" तिनं विचारलं.

आप्पा पडद्याकडे पाहत होते. पाणी कमरेला लागलं. "वचन देयेल शे," ते म्हणाले. "त्याले ऱ्हाऊ दे तठेच. तू जाय."

ती गेली. मागे चाक सुटल्याचा आवाज झाला आणि दार पडलं. राजा म्हणजे सिंहासनाला टेकून बसलेला एक थकलेला देह होता. वैशालीसारख्या नवख्या हातानंही तो फार टिकला नाही. पडद्यावर नावांची यादी सरकू लागली.

"इतलाच व्हता?" आप्पा म्हणाले. मग उठून बाहेर गेले. ओसरीवर पपईचा व्यापारी येऊन बसला होता. भाव बोलण्याआधी त्यांनी त्याला सांगितलेलं मी ऐकलं, "पोऱ्याले देयेल वचन पुरं व्हयनं."

खोली आता बियाण्यांच्या पोत्यांसाठी लागते आहे. टीव्ही आतल्या खोलीत गेला. गेमचा रिमोट वैशालीनं मला दिला, तिच्या सासरी तो कुणाला नको होता. तो माझ्या टेबलावर आहे. सोबत्याला प्रश्न विचारायचं बटण झिजून गुळगुळीत झालं आहे, त्यावरची खूणही दिसत नाही. तलवारीचं बटण मात्र अजून नव्यासारखं आहे.